माईला न सांगितलेलं
मिरचीचा ठसका लागला की दोंडाईच्यातली ती दुपार आठवते. अंगणात मिरच्या खुडता खुडता माझी आई, माई, ढिगावरच कोसळली. साठी उलटल्यावर आलेली तिची पहिलीच फिट. झटके थांबले, तिनं डोळे उघडले, तसं मी तिला घट्ट धरलं. तिनं माझे केस पकडून डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा. कपाळ फुटलं, तिच्या हाताची मिरची जखमेत झोंबली. सुटायला गेले तर मनगटाला कडाडून चावली. "तू कोन शे?" ती ओरडत होती. जन्मात तिनं मला चापटसुद्धा मारली नव्हती. शेवटी शेजारणीनं मला ओढून काढलं. अर्ध्या तासानं माई भानावर आली आणि माझं रक्ताळलेलं तोंड बघून ताडकन उठली. "तुले कोनी मारं? नाव सांग माले." पडले, एवढंच मी सांगितलं. फिटनंतर माणूस काही वेळ भानावर नसतो, धरलं की झटापट करतो; आणि या वयात नव्यानं फिट आली तर स्मरणाकडेही लक्ष ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा उमगलं, कित्येक महिने ती भाजीत दोनदा मीठ घालत होती आणि आम्ही हसत होतो. गोळ्यांनी फिट थांबल्या, विसरणं वाढतच गेलं. त्या दिवशीचं खरं तिला सांगावं असं आता फार वाटतं. पण ही तिच्याच मुलीची गोष्ट आहे, हेच तिला कळणार नाही.