अण्णांच्या पाळण्याचा वर्षाचा पास

वेळ संध्याकाळी साडेपाचची. जागा शिरूरच्या एस.टी. स्टँडसमोरचं चहाचं हॉटेल. अण्णा पाळणेवाल्यांनी बशीशेजारी पिवळ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा ठेवला आणि म्हणाले, "ह्यो वर्साचा पास. पंधरा रुपये."

तेव्हा मी पुण्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुके माझ्या एका सायकलवर. या धंद्यात छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी भेळेच्या पुड्याला जाते. न छापलेली मात्र डोक्यात साचत राहते आणि चार माणसं जमली की एकीचं शेपूट धरून दुसरी बाहेर येते. अण्णांच्या पासाचे किस्से असे साचलेले आहेत. त्यातला एकही धड छापून आला नाही, याचा राग मला अजून आहे.

अण्णांचा लोखंडी पाळणा गावोगावच्या जत्रांत लागायचा. डिझेल इंजिन, त्यावरून चाकाला गेलेला लांब पट्टा आणि चाकाला टांगलेल्या रंगीत लाकडी पेट्या. दुष्काळात जत्रा ओस पडल्या आणि इंजिनही थकलं. दुरुस्तीला आगाऊ पैसे हवेत, म्हणून अण्णांनी हा पास काढला. एकदा पंधरा रुपये भरा, वर्षभर प्रत्येक जत्रेत हवे तितके फेरे घ्या.

त्या टेबलावर आम्ही तिघं गिऱ्हाईक होतो. मी, दवाखान्यातले बबनराव कंपाउंडर आणि शाळेत शिकवणाऱ्या अनुसयाबाई.

बबनरावांनी लगेच हरकत घेतली. "अण्णा, जत्रा माघ ते वैशाखातल्या. पावसाळ्यात पाळणा शेडात आन् पास खिशात. मंग वर्साचा कसा?"

"तुमच्या बाटलीवर तीन डोस लिवलेलं असतंय," अण्णा म्हणाले. "दोनात बरं वाटलं तर पैसं परत देता व्हय?"

अनुसयाबाईंचे प्रश्न वेगळे होते. "कुठल्या गावात चालेल?"

"जिथं पाळणा, तिथं पास."

"कुठल्या पेटीत?"

"जी रिकामी हाय तिच्यात."

"आणि कधी? शेवटच्या फेऱ्याला नाही ना?"

अण्णांनी बशी बाजूला सारली. बाई स्वतः बौद्धवाड्यातल्या, त्या हे का विचारतात ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कित्येक गावांत बौद्धवाड्यातल्या लोकांना शेवटचा फेरा मिळायचा, गावाची हौस फिटून अंधार पडल्यावर. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहिलेला नसल्याने मोडायचीही सोय नव्हती.

"लहानपणापासनं मी पाळण्यात बसत आलेय," बाई म्हणाल्या. "पण वरून काय दिसतं, ते मला ठाऊक नाही. मला उजेडात बघायचंय."

बबनरावांनी विचारलं, "पण बाई, तुमी तर आता देवाला जात न्हाई. मंग जत्रेला कशाला?"

"देवाला नाहीच जात. पाळण्याला जाते."

अण्णांनी माझं पेन मागून घेतलं आणि बाईंच्या पासामागे जोर लावून लिहिलं, 'रांगेत येईल त्या वक्ताला.' बाईंनी पंधरा रुपये मोजले. अण्णा मला पेपरवाला म्हणून फुकट पास देत होते. मी तो नाकारला आणि विकत घेतला. तो विकत का घेतला, हे मी पुढे वर्षभर घरी समजावत होतो.

*

पहिली जत्रा तळेगाव ढमढेऱ्याची. बबनराव पैसे वसूल करायच्या इराद्याने दुपारी तीनलाच हजर. पेटीत बसले ते उतरेचनात. अण्णांनी दोनदा विचारलं. वरून उत्तर आलं, "चालू द्या."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा उत्तरच आलं नाही. खाली आणलं तर चेहरा हिरवा आणि डोळे दोन दिशांना. स्वतःच्याच दवाखान्यातलं गुलाबी मिक्श्चर घेऊन दोन दिवस घरी पडले होते.

मी भेटायला गेलो, तर वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "औषधबी ह्यांना फुकट मिळतंय. समदा बुधला पीत न्हाईत, येवढं नशीब."

*

निमोण्याच्या जत्रेला अनुसयाबाई आल्या आणि पिशवीत हात घातला, तर पास नाही. घरी राहिला होता. मी म्हणालो, "अण्णा, तुम्हीच तर दिलाय. ओळखता की बाईंना."

"वळखतो. पास दावा."

मी चिडलो. तुम्हीसुद्धा बाकीच्यांसारखेच, असं बरंच काही बोललो. मला ते चांगलं जमतं. अण्णांनी इंजिनात तेल घालत सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "पेपरवाले, आज वळखीवर बसवलं, तर उद्या कुणाच्या तरी वळखीवर उतरवावं लागंल. पासावर बसल्यालं माणूस मला कुणी उतरव म्हनू शकत न्हाई."

मी काही बोलायच्या आत बाई वळून चालू लागल्या होत्या. मिळेल त्या जीपने घरी गेल्या, पास घेतला आणि ऊन कलायच्या आत परत आल्या. अण्णांनी पास उलटसुलट बघितला, जणू पहिल्यांदाच बघताहेत.

"बसा बाई."

त्या दिवशी बाईंनी पहिल्यांदा उजेडात वरून गाव पाहिलं. खाली आल्या तेव्हा मी वार्ताहराच्या सवयीने विचारलं, काय दिसलं. म्हणाल्या, "इथला आमच्या लोकांचा वाडा गावापासून लांब आहे असं खालून वाटतं. वरून बघितलं, तर मधे नुसती एक बाभळ आहे."

ही ओळ मी पुण्याला पाठवली. संपादकांचा निरोप आला: 'पाळण्याचा मजकूर जाहिरात विभागाकडे द्यावा.'

*

भांडगावात गर्दी फार. बाईंच्या पेटीत एक जागा रिकामी आणि रांगेत पुढे पांढऱ्या मिशांचे एक आबा. आबांनी बाईंकडे पाहिलं आणि पाय मागे घेतला.

"मी फुडच्या पेटीत बसतो."

"फुडची भरलीया," अण्णा म्हणाले. "बसायचं तर ह्यात. न्हाईतर मागं सरा, मानसं खोळंबलीत."

बाई म्हणाल्या, "या की आबा. एका बाजूला वजन झालं की पेटी कलते."

आबा अंग चोरून बसले. चाक अर्ध्यावर गेलं आणि आबांचा फेटा सैल झाला. पूर्ण वर गेलं तेव्हा अख्ख्या भांडगावाने पाहिलं की आबांनी दोन्ही हातांनी बाईंचा हात घट्ट धरला आहे आणि डोळे मिटले आहेत.

खाली आल्यावर पोरांनी त्यांना सोडलं नाही. "आबा, हात धरला व्हय?"

"म्या न्हाई धरला," आबा फेटा सावरत म्हणाले. "पाळण्यानं धराया लावला."

आणि पुन्हा रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले.

*

पावसाळ्यात पाळणा सुटा होऊन दौंडला पत्र्याच्या शेडमध्ये पडून होता. एका दुपारी बबनराव मला ओढत तिथे घेऊन गेले. खिशातून पास काढून अण्णांसमोर धरला. "वर्साचा हाय ना? श्रावण वर्सात येतो का न्हाई?"

अण्णा हसले नाहीत. एक पेटी ओढून शेडच्या मधोमध ठेवली. बबनरावांना आत बसवलं, साखळी लावली, मागून दोन्ही हातांनी पेटी खडखडा हलवली आणि वरून डबाभर पाणी शिंपडलं.

"ह्यो श्रावणातला फेरा. पुना भादव्यात या."

*

आता शेवटचा किस्सा. गावाचं नाव मी बातमीत दिलं होतं. आज देत नाही, कारण तिथली आत्ताची पोरं चांगली आहेत आणि आजोबांचं बिल नातवांच्या नावावर फाडणं मला पटत नाही.

माघातली जत्रा, चार वाजलेले, ऊन स्वच्छ. सकाळीच पंचांनी अण्णांना बजावलं होतं. "बाई आली तर शेवटच्या फेऱ्याला घ्या. न्हाईतर फुडल्या साली जागा मिळायची न्हाई." या गावाची जत्रा मोठी होती. अण्णांची वर्षाची निम्मी कमाई इथली.

अण्णा म्हणाले, "पासावर लिवून दिलंया, दादा." आणि चहा प्यायला गेले.

बाई आल्या. पास दाखवला, रांगेत उभ्या राहिल्या, नंबर लागला तशा बसल्या. मागच्या पेटीत सरपंचांच्या मातोश्री बसल्या. त्यांच्या मागे गावातल्या बायका आणि पोरं. चाक फिरू लागलं. बाईंची पेटी माथ्यावर पोचली आणि चाकाला झटका बसला. अण्णांनी ब्रेक दाबला. पाहतात तर इंजिनावरचा पट्टा नाहीसा. निसटला नव्हता. नव्हताच.

गर्दीतून एकजण ओरडला, "चाक हातानं फिरवा. बाईला उतरवा. बाकीचा फेरा मंग घेऊ."

तसं करता आलं असतं. अण्णांकडे माणसं होती. पण अण्णा ब्रेकवर बसून राहिले. "हातानं उतरवल्याला फेरा अर्धा ऱ्हातो. पट्टा येऊ द्या."

मी खालून हाक मारली, "बाई, घाबरू नका."

वरून बाईंचा वर्गातला आवाज आला. सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असा. "मला काही घाई नाही. इथनं सगळं छान दिसतंय. अण्णा, पट्टा कुणी काढला तेही दिसलं. सांगू का नाव?"



अण्णांनी मान वर करून सावकाश, पण मोठ्याने उत्तर दिलं, "नगा सांगू, बाई. निवांत बसा. पास वर्साचा हाय."

पट्टा काढणारा एक गोष्ट विसरला होता. बाईंच्या मागच्या पेटीत गावच अडकलेलं होतं. सरपंचांच्या मातोश्रींनी वरून तोंड सोडलं. "मेल्यांनो, कुणाच्या धोतरात दडवलाय त्यो पट्टा? भाईर काढा. न्हाईतर म्या खाली आले की एकेकाला बघते."

माणसं इकडेतिकडे सरकली. थोड्या वेळाने पट्टा इंजिनाच्या मागे गवतात पडलेला दिसला. मघाशी तिथे काही नव्हतं. अण्णांच्या माणसांनी तो चढवला आणि चाक फिरलं. मातोश्रींना उतरवायला थांबवलं, तर म्हणाल्या, "आता कुटं सुरळीत चाललंय. ऱ्हाऊ द्या." बौद्धवाड्यातली माणसं लांब बाभळीखाली शेवटच्या फेऱ्याची वाट बघत उभी होती. ती एकेक करून उन्हातच रांगेला लागली. अण्णांनी प्रत्येकाचं तिकीट घेतलं आणि प्रत्येकाला रिकाम्या पेटीत बसवलं.

बाईंनी ते नाव मला कधीच सांगितलं नाही. विचारलं की म्हणायच्या, "बातमीदार तुम्ही आहात."

मी रात्रीच्या गाडीने बातमी पाठवली. गावाच्या नावासकट, पंचांच्या धमकीसकट. छापून आलं ते एवढंच: 'जत्रा उत्साहात. पाळण्याचे इंजिन बंद पडल्याने काही काळ खोळंबा.' पंचांनी तहसील कचेरीतही इंजिन बंद पडलं असंच सांगितलं. पुढच्या वर्षी अण्णांना त्या गावात जागा नाकारली. कारण दिलं, इंजिन बंद पडतं, बायामाणसांना धोका.

पट्टा नव्हता त्या सगळ्या वेळात इंजिन धडधडत होतं. त्या धडधडीवरून आवाज जावा म्हणून तर बाईंना ओरडून बोलावं लागलं होतं.