एका माणसाचं सामान

जीभ कात्रीपेक्षा धारदार, म्हणून सगळी गल्ली तिला कातरबाई म्हणायची. तिचं शिवणाचं दुकान घरापासून दोन रस्ते पलीकडे. घरी ती आणि थोरली बहीण, अक्का. दोघींनी लग्नं केली नाहीत. भांडणं मात्र संसारी माणसांना लाजवतील अशी केली.

भांडणं बहुतेक किराण्यावरून. सामान कातरबाईच आणायची, डबेही तीच भरायची.

"एवढे तांदूळ गेले कुठे? उंदरांना जेवायला बोलावलंस?"

"तूच खातेस झोपेत," अक्का म्हणायची.

पुढे कातरबाईचे गुडघे कुरकुरायला लागले. तिने घरपोच सामानाची वर्गणी भरली. कंपनीने डब्यांखाली ठेवायला वजन मोजणाऱ्या चकत्या दिल्या. डबा हलका झाला की कंपनीला आपोआप कळायचं आणि पिशवी दारात यायची. कुणी मागायला नको, कुणी झाकण उघडून बघायला नको. भाजीही पिशवीतूनच यायची, त्यामुळे भाजीसाठी खाली उतरणारी अक्काही घरातच राहू लागली. भांडायला काही उरलं नाही. कातरबाईला ती शांतता आवडली.

एका सकाळी पिशवी हाताला हलकी लागली. पीठ निम्मं. तांदूळ निम्मे. तिने कंपनीला फोन लावला.

"चूक नाही, मॅडम," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "वापर बघूनच पाठवलंय. तुमच्याकडे एकच व्यक्ती जेवते."

"आम्ही दोघी आहोत, बाई."

"आमच्याकडे एकच दिसते. बऱ्याच महिन्यांपासून."

आत नळ वाहत होता. अक्का भांडी घासता घासता गुणगुणत होती. कातरबाईने फोन ठेवला.

"अक्का, खाल्लंस काही?"

"केव्हाच. तुझा डबा भरून ठेवलाय."

हे उत्तर तिला पाठ होतं. रात्री दुकान बंद करून ती यायची तेव्हाही अक्का जेवलेली असायची. सुट्टीच्या दिवशी समोर बसून दोन घास चिवडायची. मघाशीच खाल्लं, म्हणायची.

दुकानात मशीनवर अक्काचाच झगा होता. बाजूने आवळून हवा होता. "कापड सैल पडतंय गं," असं अक्का मागेही म्हणाली होती. तेव्हा कातरबाईने हल्लीच्या कापडाला शिव्या घातल्या होत्या आणि न बघता टीप मारून दिली होती. आज तिने झगा उलटा केला. जुन्या शिवणीच्या आत एक टीप. तिच्याही आत आणखी एक. सगळ्या तिच्याच हातच्या. सगळ्या गल्लीची मापं घेणाऱ्या बाईने बहिणीच्या अंगाला टेप लावली नव्हती.

तिने दुकान भरदुपारी बंद केलं.

घराचं दार तिने आपल्या किल्लीने उघडलं. अक्का टेबलाशी बसली होती. पुढे ताट. ताट कोरडं, लख्ख. अक्काचा हात ताटाकडे जात होता, तोंडाशी येत होता. जबडा हलत होता, चवीने जेवणाऱ्या माणसाचा हलतो तसा. मध्येच तिने रिकामा पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला. मग उठली. कोरडं ताट धुतलं, पुसलं, जागेवर लावलं. वळली.

"आज लवकर? बस, वाढते. मी आत्ताच जेवले."

चेहऱ्यावर खोटं बोलल्याची खूण नव्हती. कातरबाई हादरली ती त्यानेच.

जिभेवर एकही बोचरा शब्द येईना. तिने पातेलं उघडलं. आत एका माणसापुरता भात होता. तिने त्यात दूध ओतलं, कालवलं आणि अक्काला खुर्चीत बसवलं.

"पोट भरलंय गं माझं."

"माहितेय. मला एकटीला जेवण जात नाही. माझ्यासाठी खा."

लहान बहिणीचा हट्ट पुरवावा तसं अक्काने तोंड उघडलं. चावू लागली. चावतच राहिली. कातरबाई तिच्या गळ्याकडे बघत होती. तो हलत नव्हता.

"गिळ, अक्का."

बऱ्याच वेळाने गळा एकदा हलला. कातरबाईने पुढचा घास उचलला.