न हलणारा आकडा

भंडाऱ्याची नीरजा ठवकर १९९६ साली पुण्यात नोकरीला लागली. कोथरूडमधल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर आठ माणसांची कंपनी होती. कारखान्यांतल्या भट्ट्यांचं तापमान सांभाळणारे कंट्रोलर तिथे तयार होत. नीरजा त्यांचे प्रोग्रॅम लिहायची.

पुढच्या वर्षी मे महिन्यात, दुपारी डबा उघडताच फोन वाजला. भोसरीच्या कारखान्यातून भट्टीवरचे सर्जेराव बोलत होते.

"बाई, आकडा हलंना झालाय. अर्धा तास आठशे चाळीसच हाय. आन् दाराशी तर उभं ऱ्हावत न्हाई."

नीरजाने डबा बाजूला सारला. चालू भट्टीचा आकडा एक-दोन अंशांनी खालीवर होतच राहतो. तो स्थिर आहे म्हणजे तापमान वाचणारं सर्किटचं कार्ड बोलतच नाही. कंट्रोलरमधली सगळी कार्डं एकाच तारांच्या वाटेवर, बसवर, जोडलेली असतात. प्रोसेसरने विचारलं आणि कार्डाकडून उत्तर आलं नाही, की बस एरर. अशा वेळी काय करायचं, ते नीरजानेच लिहिलं होतं: मागचा आकडा धरा आणि पुढे चला. गिऱ्हाइकाकडे मशीन थांबता कामा नये, असं कंपनीचे मालक श्रीधर आपटे यांनी बजावलं होतं. भट्टी आठशे साठला नेऊन ठेवायची होती. म्हणजे कंट्रोलर आठशे चाळीस समजून अर्धा तास वीज सोडतच होता.

"सर्जेराव, मेन स्विच पाडा. आत्ता!"

"मालकास्नी इचारू का? आत माल हाय."

"विचारू नका. मी सांगतेय."

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मग नुसती यांत्रिक घणाची धडधड. नीरजा फोनची वायर बोटाभोवती गुंडाळत उभी राहिली. आपण लिहिलेल्या चार ओळींनी त्या माणसाला भाजलं तर? बऱ्याच वेळाने आवाज आला, "पाडला, बाई."

तिने बोटाभोवतीची वायर सोडवली.

आपटे तिला स्कूटरवरून भोसरीला घेऊन गेले. हातातल्या मीटरवर भट्टी अजून हजाराच्या वर होती. आतले गिअर वाकले होते. माणसं सुखरूप होती. शेजारच्या घणाच्या हादऱ्यांनी कार्ड सैल झालं होतं.

"कार्ड सैल होतं," आपट्यांनी कारखान्याच्या मालकांना सांगितलं. तिथेच विषय मिटला असता.

"कार्ड सैल होतं," नीरजा म्हणाली, "पण उत्तर येत नाही हे प्रोग्रॅमला कळत होतं. त्याने ते लपवलं. तो मी लिहिलाय."

बाहेर आल्यावर आपटे म्हणाले, "तुमचा प्रामाणिकपणा ऑफिसात दाखवला असता तरी चाललं असतं." थोडं थांबून म्हणाले, "सोमवारपर्यंत नीट करा."

तिने प्रोग्रॅम बदलला. उत्तर आलं नाही की आधी भट्टीची वीज तोडायची, मग भोंगा वाजवायचा, आणि कोणतं कार्ड गप्प झालं ते नोंदवायचं. टेबलावर एकेक कार्ड उपसून तिने चाळीस वेळा तपासलं. पहिल्याच आठवड्यात भट्टी तीनदा थांबली आणि कारखान्याचे मालक फोनवर कडाडले. कार्डांना स्क्रूने घट्ट धरणारी पट्टी बसवल्यावर थांबणं बंद झालं.

तरी वर्षभर ऑफिसचा फोन वाजला की नीरजाचा हात कीबोर्डवर थबकायचा. रोज सकाळी विश्रांतवाडीच्या आपल्या खोलीवरून ऑफिसला निघाली की ती समोरच्या टेलिफोन बूथवरून आधी भोसरीला फोन लावायची. "आकडा हलतोय ना?"

सर्जेराव म्हणायचे, "हलतोय, बाई. तुमी च्या घ्या."