स्वतःच भरलेला डबा

आमच्या शहराचं पाणी जिथे शुद्ध होतं, तिथे उंच भिंत आहे, भिंतीवर काटेरी तार, आत पुन्हा जाळीचं कुंपण आणि गेटवर आडवा दांडा. एवढा बंदोबस्त कशाला, असं फिरायला जाताना मला नेहमी वाटायचं. आज गेटवरच्या मंदाताईंनी आपल्याच नवऱ्याला अडवलं. तो आत पंपावर कामाला आहे.

"कार्ड दाखवा. डबा उघडा."

"अगं, सकाळी तूच भरलास ना?"

"म्हणून काय झालं? उघडा."

त्याने हसत झाकण काढलं. त्यांनी पोळी-भाजी नीट निरखली, मगच दांडा वर केला.

विटा आणि तारा कंत्राटदार पुरवतो. हा करारीपणा कुठून आणायचा?

घरी आल्यावर नळाखाली ओंजळ धरली आणि डोळे मिटून पाणी प्यायलो.