काहीच न सांडणारं इंजिन

वाफेच्या नव्या इंजिनाला हिरवा झेंडा दाखवायचा होता, म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या लहानशा स्टेशनावर मंडप घातला होता. प्रवासी गाडी ओढणारं हे इंजिन कोळसा खात नाही, नुसता शेतातला कचरा जाळतं, असं पाहुणे भाषणात सांगत होते. कचरा म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेली पऱ्हाटी, कपाशीची वाळकी झाडं.

"कचरा म्हनते थो," शेजारी उभ्या असलेल्या अनसूयाबाई म्हणाल्या. त्या मजुरीला जातात. "औंदा मालकानं समदी पऱ्हाटी या इंजिनालेच देल्ली. आता आमी चुलीत काय घालावं भाऊ, याचं भाषन?"

आधी माणसाच्या वस्तूला कचरा म्हणावं. मग ती उचलून नेली तरी उपकारच ठरतात.

जुन्या इंजिनांतून अर्धवट जळलेले कोळसे तरी सांडत. लहानपणी अनसूयाबाई आईबरोबर रुळांलगत ते वेचत, त्यावर रात्रीची भाकर होई. या इंजिनातून काहीच सांडत नाही, असं पाहुण्यांनी सांगितलं, तेव्हा टाळ्या पडल्या.

गाडी गेली. मंडप रिकामा झाला. अनसूयाबाई तरीही वाकून रुळांत पाहत होत्या. तिथे हारांतला झेंडू तेवढा पडला होता, आणि तोही वाफेनं भिजलेला.