थांबाभाऊ आणि राजूरची टाकी

कुणाचाही कोड वाचायला बसले की थांबाभाऊ आधी खुर्ची मागे सरकवत. "थांबा. हितं कोन कोन येतंय ते सांगा." नाव त्यावरूनच पडलं. भिंगारजवळच्या आमच्या छोट्या कंपनीत दूध थंड करणाऱ्या टाक्यांचे कंट्रोलर बनतात. त्यांच्या कर्नेलचं, म्हणजे सॉफ्टवेअरच्या अगदी गाभ्याचं काम भाऊंकडे होतं. एकाच माहितीत दोन कामांनी एकदम हात घालू नये म्हणून कोडमध्ये लॉक लावतात. कुठलं लॉक लावायचं, हे भाऊ ठरवत.

भाऊ मूळचे अकोले तालुक्यातल्या डोंगरातले. इंजिनिअर झाले, पुण्यात नोकरी केली, पण बोली सोडली नाही. सवयीनं लावलेलं लॉक दिसलं की म्हणत, "घराला लावता तेच कुलूप सायकलला लावता का?" म्यूटेक्स हे लॉक मिळेपर्यंत काम झोपून वाट बघतं, स्पिनलॉकसाठी ते दारातच घिरट्या घालतं. तेव्हा येणाऱ्याला झोपायची मुभा आहे का, हे आधी बघायचं. एवढं साधं आम्हाला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा राजूरच्या दूध केंद्रावरचं मशीन मध्येच ठप्प व्हायला लागलं. स्क्रीन थिजलेली, कॉम्प्रेसर बंद. केंद्र चालवणाऱ्या ताईंनी फोनवर सुनावलं, "सकाळचं दूध नासलं. लोकांना त्वांड मला दाखवायचं हाय. संध्याकाळच्या आत नीट करा, न्हाईतर तुमचं मशीन काढून जुनं बसवते."

भाऊ आणि मी जीपनं गेलो. टाकी धुऊन रिकामी होती. दुधाच्या कॅनवर लॅपटॉप ठेवून आम्ही कोड उघडला. वेळ कमी होता, म्हणून मी म्हटलं, "भाऊ, इथलं स्पिनलॉक काढून म्यूटेक्स लावून मोकळे होऊ."

"झाकण उघडलं की वाजतो त्या अलार्मला झोपवता काय? तो इंटरप्ट हाय. हातातलं काम थांबवून घुसतो. त्याला झोपता येत न्हाई."

मग त्यांनी त्या लॉकची जुनी नोंद उघडली. "लॉक मीच लावलं. तवा अलार्म नव्हता. अलार्म बी मीच घातला, अन् हितं कोन कोन येतंय ते परत इचारलंच न्हाई."

तापमान वाचणारं काम लॉक धरून बसलेलं असताना कुणी झाकण उघडलं, तर अलार्म त्याला थांबवून त्याच लॉकसाठी घिरट्या घालत बसे. थांबलेलं काम लॉक सोडणार कसं? भाऊंनी स्पिनलॉकच ठेवलं. फक्त ते हातात असेपर्यंत त्या प्रोसेसरवर इंटरप्ट बंद राहतील अशी सोय केली. मग खात्री करायला झाकण उघड-मीट, उघड-मीट. शेवटी ताई वैतागल्या, "आता माश्या आत घालता का?"

"ताई, चूक माझी हुती," भाऊ म्हणाले.

"बरं. आता बाजूला व्हा, दूध आलंय."

मशीन पुन्हा थांबलं नाही. गेल्या वर्षी भाऊ निवृत्त होऊन गावी गेले. आता भात लावतात. निरोपाच्या दिवशी साहेब त्यांच्या हुशारीबद्दल बोलायला लागले, तर भाऊ त्यांना मध्येच तोडून म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. नव्या पोरांना राजूरचं सांगत जा. माझं नाव गाळू नका."

मी गाळत नाही. एवढा मोठा माणूस असं चुकला म्हणून पोरं हसतात. मी हसू देते. हसून झालं की प्रत्येकाला आपापलं जुनं लॉक उघडून बघायला लावते.