बहिरू खैरनारचं तर्पण

पंचवटीतल्या वेणीमाधव गुरुजींना दोन बाबतींत कुणी हटकलेलं खपत नाही. एक म्हणजे रामकुंडावरचे त्यांचे मंत्र, आणि दुसरी बाब म्हणजे बहिरू खैरनार. मंत्रांच्या वाटेला जायची कुणाची छाती नाही. बहिरूवरून मात्र त्यांचे दोस्त दर रविवारी न चुकता हटकतात, आणि खरं सांगायचं तर गुरुजी आठवडाभर त्याचीच वाट बघत असतात.

आता हा बहिरू कोण ते सांगायला हवं, कारण हल्ली कुणाला काही माहीत असेल तर शपथ! सटाण्याकडचा गडी. स्वतः गाणी लिहायचा, स्वतःच चाली लावायचा. गोंधळाचं संबळ आणि गिटार त्यानं एका मंचावर आणली, तेव्हा जाणत्यांनी नाकं मुरडली आणि पोरं वेडी झाली. तीन कॅसेटी निघाल्या. ट्रकवाल्यांनी त्या वाजवून वाजवून झिजवल्या, हॉस्टेलच्या पोरांनी एकमेकांच्या चोरल्या, आणि पंचवटीत एक शेंडी राखलेला मुलगा पांघरुणात टेप घेऊन बारीक आवाजात ऐकत राहिला. वडिलांच्या मते गिटार हे वाद्य नव्हतंच, व्यसन होतं. वडिलांचं तसं अगदीच चुकलं नाही. मुलाला ते लागलं ते लागलंच.

तर रविवारची बैठक भरायची नाशकातल्याच द्वारका चौकात, शेखरच्या सीट कव्हरच्या दुकानात. अर्धं शटर खाली, आत रेक्झिनचा वास, आणि टेपवर बहिरू. शेखर गुरुजींचा शाळेपासूनचा मित्र, जिभेला हाड नसलेला. तिसरी अपूर्वा, बँकेत नोकरीला, गिटार वाजवणारी, या दोघांच्या मुलींच्या वयाची.

"आज जेवढे बँड संबळ घेऊन नाचतात ना, ते सगळे बहिरूच्या पोटचे," अपूर्वा म्हणायची. "पण नाव एकजण घेत नाही."

"नाव कशाला घेतील? बापाचं नाव घेतलं की वाटणी द्यावी लागते," शेखर म्हणायचा.

भांडण जुंपायचं ते 'धूळ' या गाण्यावरून. 'धूळ म्हणे पायाला, थांब जरा रं, तू चाललास गावाला, माझं काय रं?' एवढा मुखडा. गुरुजींच्या मते धूळ म्हणजे देह आणि पाय म्हणजे जीव. यावर ते दोन चहा संपेपर्यंत बोलू शकतात.

"वेण्या, अरे धूळ म्हणजे धूळ," शेखर हात जोडायचा. "त्याला तुझ्या पोथीत कशाला कोंबतोस?"

"आणि मला वाटतं, धूळ म्हणजे मागे सोडलेली मुलगी आहे," अपूर्वा म्हणायची. मग दोघंही पुरुष तिच्यावर तुटून पडायचे. सांगणाऱ्याला विचाराल तर तिघंही तितकेच मूर्ख आणि तितकेच सुखी होते.

या सुखात एक दुखरी जागा होती. बहिरू वारला होता. वीसेक वर्षांपूर्वी गुरुजींनीच पेपरात वाचलं होतं, 'बहिरू खैरनार यांचे निधन', दोन ओळींत. गाण्याचा उल्लेखसुद्धा नाही! गुरुजी संतापले, रडले, आणि त्यांनीच ही बातमी साऱ्या नाशकातल्या चाहत्यांना कळवली. ज्याच्या गाण्यावर आपण तरलो त्याला पेपरात दोन ओळी? मग त्या भाद्रपदात, सर्वपित्री अमावास्येला, स्वतःच्या वाडवडिलांना पाणी दिल्यावर त्यांनी गुरू आणि आप्तांच्या जागी एक पिंड बहिरूच्या नावे ठेवला. गोत्र ठाऊक नव्हतं. ज्याचं गोत्र माहीत नाही त्याला काश्यप म्हणायची रीत आहे, तेव्हा बहिरू खैरनार काश्यप गोत्रात जमा झाला. तेव्हापासून एक वर्ष चुकलं नाही. घरात त्यांच्या पत्नी श्यामलाताई त्या दिवशी न विसरता खिरीची वाटी जास्तीची काढायच्या. "तुमच्या त्या गवयाचे वडे," असंही म्हणायच्या, पण मनापासून तळायच्या.

आणि मग एका रविवारी अपूर्वा शटरखालून वाकून आली, ती चपला न काढताच बोलायला लागली. तिच्या वडिलांची डाळिंबाची बाग आहे. ते फोनवर बागेचे व्हिडिओ बघत होते, त्यात एक म्हातारा डाळिंबावरच्या तेल्या रोगाची माहिती देत होता. "मी स्वयंपाकघरात होते, गुरुजी. नुसता आवाज ऐकला आणि हातातलं भांडं पडलं. खाली नाव होतं, बहिरू खैरनार. मी फोन केला. तेच आहेत! पेपरातले ते त्याच नावाचे दुसरे कुणी, चुलतघराण्यातले. हे जिवंत आहेत."

शेखर आनंदानं ओरडला. गुरुजींच्या तोंडचं मात्र पाणी पळालं.

"अगं बाई," ते पुटपुटले, "मी जिवंत माणसाचा पिंड पाडलाय."

शेखरला आधी कळेना, आणि कळल्यावर त्याला हसू आवरेना. "म्हणजे दरवर्षी? अरे, हा भला माणूस तिकडे पाटोडीच्या रश्शाशी भाकरी खातोय आणि तू इकडे त्याला कावळ्याकडून वडे पाठवतोयस!"

गुरुजी हसले नाहीत. दुसऱ्याच्या घरचं इतकं सुतक निस्तरणारा माणूस, पण स्वतःवर आलं तेव्हा पुरता हबकला. त्या माणसानं गाणं का सोडलं असेल? त्याचं काही वाईट झालं असेल तर ते आपल्या हातच्या पाण्यानं तर नसेल? घरी येऊन त्यांनी पोथ्या काढल्या, शेखर मागोमाग होताच. मेला समजून ज्याचं सगळं उरकलं, तो परत आला तर जातकर्मापासून सारे संस्कार नव्यानं करावेत, असं शास्त्र सापडलं.

"जातकर्म, मग नामकरण," ते गंभीरपणे म्हणाले.

"म्हणजे बारसं?" शेखर म्हणाला. "पाळणा मी आणतो टेम्पोतून. ऐंशीच्या घरातलं बाळ, जरा दणकट बघावा लागेल."

"घुगऱ्या मी शिजवते," श्यामलाताई आतून म्हणाल्या. घरभेदी तर घरभेदी! पण बाहेर येऊन त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, जाऊन सांगून टाका. शिव्या दिल्या तर खा. अशा तोंडानं तुम्ही रामकुंडावर उभे राहू नका."

मग शेंडी तुटो वा पारंबी तुटो, असं म्हणून तिघं शेखरच्या गाडीतून निघाले. चांदवड गेलं, देवळा गेलं, गुरुजींनी तोंडातून अक्षर काढलं नाही. सटाण्याच्या अलीकडे डाळिंबाच्या बागेशी एक उंच, वाळलेला म्हातारा बनियनवर उभा होता. कॅसेटवरच्या फोटोतली मिशी तेवढी शिल्लक होती, तीही पांढरी.

"या, बसा," तो म्हणाला. "रोप पाहिजे का फवारणीचं विचारायचंय?"

अपूर्वानं 'धूळ'चं नाव काढलं. म्हातारा ओशाळून हसला. धूळ म्हणजे काय, हा वाद एकदाचा मिटावा म्हणून शेखरनं विचारलंच.

"काय असणार? सटाण्याच्या स्टँडवर वहाण तुटली व्हती. अनवाणी आलो घरापातुर. लय पाय भाजले, ते लिवलं."

शेखरनं गुरुजींकडे असं पाहिलं की देवानंही माफ करू नये. पण गुरुजींचं ध्यान तिकडे नव्हतंच. त्यांनी हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं. पेपर, अमावास्या, पिंड, काश्यप गोत्र, काहीही झाकलं नाही. शेवटी म्हणाले, "बहिरूआप्पा, माझ्या हातून मोठं पाप झालंय. तुम्ही सांगाल ते प्रायश्चित्त घेतो."

म्हाताऱ्यानं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "काय वाढत होता?"

"खीर. उडदाचे वडे."

"खीर?" त्यानं हसत तोंड वाकडं केलं. "त्याला गोड कधी चाललं नाय. भाकर-ठेचा ठेवायचा की." मग हसू ओसरलं. "गुरुजी, पाप कसलं? तुम्ही बराबर केलं. तो गाणारा मेलाच. मालेगावकडं एक लगीन व्हतं. मी गात व्हतो. मधीच कुनी तरी ओरडलं, पंगत बसली. सगळा मांडव उठला. वाईट कुनीच नव्हतं वो त्यात, भुकेली मानसं. मोकळ्या खुर्च्यांम्होरं मी कडवं पुरं केलं, गिटार खाली ठेवली, आन संपला तो. घरच्यांनी इचारलं नाय, गावानं नाय. त्याला पानी कुनी दिलं आसंल तर तुम्हीच. आता मधी खंड पाडू नका. औंदा मी येतो कुंडावर, माझ्या हातानं देतो."

अपूर्वानं मान फिरवली. शेखरच्या जिभेला आयुष्यात पहिल्यांदा हाड आलं. आता गुरुजींना काय हवं होतं? माफी मिळाली, वर शाबासकी मिळाली, यजमानही स्वतःहून कुंडावर यायला तयार! आजवर त्यांनी कुठल्या यजमानाला परत पाठवलं नव्हतं.

"नाही," गुरुजी म्हणाले. "मी करणार नाही, आणि तुम्हालाही करू देणार नाही. जिवंताचं तर्पण करत नाहीत."

"आरं, मीच सांगतोय ना तो मेला म्हनून!"

"तुम्हाला काय ठाऊक?" गुरुजी चक्क ओरडले. म्हाताऱ्यावर, ज्याच्यासाठी बापाचा मार खाल्ला त्याच्यावर! "तुम्ही त्याला इतक्या वर्षांत ऐकलंय तरी का? मी रोज ऐकतो. वडील गेले तेव्हा ऐकला, मुलगी सासरी गेली तेव्हा ऐकला. ही पोरगी त्याच्यामुळे गिटार शिकली. लोक जेवायला उठले ते तुम्ही बघितलंत आप्पा, घरी जाऊन काय गुणगुणत झोपले ते नाही बघितलं."

 म्हाताऱ्यानं डाळिंबाचा एक क्रेट उलटा करून त्यावर बैठक मारली.

"म्हना बरं मग," तो म्हणाला. "ऐकू द्या."

गुरुजी कधी चारचौघांत गायले नव्हते. त्यांनी डोळे मिटले आणि 'धूळ' सुरू केलं, मंत्र म्हणावेत तशा खड्या आवाजात, बेसूरच. मुखडा झाला. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याला मात्र रोज म्हणत असलेली ओळ काही केल्या आठवेना. ते अडले, पुन्हा मागून आले आणि पुन्हा तिथेच अडले. शेखरला ओळ येत होती, अपूर्वालाही येत होती. दोघंही गप्प राहिले.

"पाय म्हने धुळीला," म्हातारा खाली मातीकडे बघत हळूच म्हणाला, आणि पुढचं गायला लागला.